वकिलाच्या घरची माणसं

वाचकांचे प्रश्न, वकीलबाईंची उत्तरं

या वेळी नात्यागोत्याचे प्रश्न जास्त आले, म्हणून तेच एकत्र घेतले आहेत. नेहमीप्रमाणे पत्र लिहिणाऱ्यांची नावं छापलेली नाहीत.

प्रश्न : मी नाशिकरोडला राहते, लॉच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आमच्या वर्गातल्या मुलींना अमल क्लूनीचं फार कौतुक आहे. पण तिच्याबद्दल वाचायला घेतलं की जॉर्ज क्लूनी, व्हेनिसचं लग्न, कपडे आणि जुळी मुलं एवढंच सापडतं. तिचं माहेर कुठलं, आईवडील कोण, घरच्यांनी तिला काय दिलं? आणि दोन मुलं सांभाळून असं काम खरंच होतं का? माझी आत्या म्हणते, नवरा सिनेमातला असला की कोणीही मानवी हक्कांची वकील होईल.

उत्तर : आत्याबाईंचं म्हणणं आधी घेते. अमलचं लग्न 27 सप्टेंबर 2014 ला झालं. लंडनच्या डाउटी स्ट्रीट चेंबर्स या वकिलांच्या गटात ती 2010 पासून होती. युक्रेनच्या माजी पंतप्रधान युलिया टिमोशेन्को यांची बाजू तिनं युरोपीय मानवी हक्क न्यायालयात मांडली, विकिलीक्सच्या ज्युलियन असांजच्या वकिलांत ती होती, सीरियाच्या प्रश्नावर संयुक्त राष्ट्रांचे दूत कोफी अन्नान यांना सल्ला देणाऱ्यांत होती. हे सगळं मांडवात पाऊल टाकण्याआधीचं. लग्नानंतर कॅमेरे आले, काम मात्र तिनं स्वतः मिळवलेलं होतं. आत्यांना एवढ्या तारखा वाचून दाखव.

आता माहेर. अमल अलामुद्दीनचा जन्म 3 फेब्रुवारी 1978 चा, बैरूतचा. लेबनॉनमध्ये 1975 पासून यादवी पेटलेली होती. मुलगी दोनेक वर्षांची असताना घरच्यांनी देश सोडला आणि लंडनच्या पश्चिमेला बकिंगहॅमशायरमधल्या जेरर्ड्स क्रॉस या गावी बिऱ्हाड थाटलं. वडील रमझी, द्रूझ या तिथल्या अल्पसंख्य पंथाचे, बैरूतच्या अमेरिकन विद्यापीठात व्यवसायशास्त्र शिकवायचे. आई बारिया सुन्नी घरातली, त्रिपोलीची. हे लिबियातलं त्रिपोली नव्हे, लेबनॉनच्या उत्तरेला त्याच नावाचं शहर आहे, तिथली. पंथापंथांत बंदुका चालत होत्या त्या देशात या दोघांचा संसार होता. एक बहीण, आणि वडिलांच्या पहिल्या लग्नाचे दोन भाऊ. बहीणभावांबद्दल याहून जास्त लिहिणार नाही. त्यांनी कुठल्या खटल्यात वकीलपत्र घातलेलं नाही.

आईबद्दल मात्र थांबून लिहिते, कारण तुझ्या प्रश्नाचं उत्तर मला तिथं दिसतं. बारिया अलामुद्दीन पत्रकार. अल-हयात या अरबी दैनिकात त्यांनी परराष्ट्र विभागाची संपादकी केली. आता लेकीचे पक्षकार बघ. इजिप्तनं तुरुंगात टाकलेला अल-जझीराचा मोहम्मद फाहमी, अझरबैजानची खदिजा इस्मायिलोव्हा, म्यानमारमध्ये पकडलेले रॉयटर्सचे वा लोन आणि क्याव सो ऊ, फिलिपाइन्सच्या मारिया रेसा. सगळे बातमीदार. आईमुळेच तिनं या केसेस घेतल्या असं मी म्हणणार नाही. पण बातमी लिहिणारं माणूस ज्या घरात रोज जेवायला बसतं, त्या घरातल्या मुलीला पत्रकार तुरुंगात गेला म्हणजे काय झालं, हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. माहेरानं असंच द्यायचं असतं. हुंड्यात देता येत नाही आणि कोणी काढूनही घेऊ शकत नाही.

शिक्षणाचं थोडक्यात सांगते. मुलींची सरकारी शाळा, मग ऑक्सफर्डचं सेंट ह्यूज कॉलेज, तिथून 2000 साली कायद्याची पदवी, पुढे न्यूयॉर्क विद्यापीठात एलएलएम. तिथं शिकताना तिनं न्यायाधीश सोनिया सोटोमायोर यांच्याकडे काही काळ काम केलं. सोटोमायोर 2009 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या. मग न्यूयॉर्कच्या मोठ्या फर्ममधली नोकरी, हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात न्यायाधीशांच्या हाताखाली उमेदवारी. उमेदवारी हा शब्द मुद्दाम वापरते. ती केल्याशिवाय आपल्या जिल्हा कोर्टातही कोणी उभं राहत नाही.

सासर. जॉर्जचे वडील निक क्लूनी टीव्हीवरचे बातमीदार, केंटकीचे. आत्या रोझमेरी क्लूनी मोठी गायिका होती. बापलेक 2006 मध्ये सुदानच्या दारफूर भागातल्या हत्याकांडाची स्थिती बघायला सीमेवर गेले होते, आणि 16 मार्च 2012 ला वॉशिंग्टनमध्ये सुदानच्या दूतावासापुढं निदर्शनं करताना दोघांना एकाच वेळी अटक झाली. सासरेबुवा तेव्हा सत्तरीच्या पुढचे. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. त्या घरात सून आली तेव्हा अन्यायाची बातमी टेबलावर आधीच पडलेली होती. पुढं नवराबायकोनं 2016 मध्ये क्लूनी फाउंडेशन फॉर जस्टिस काढलं. तीन वर्षांनी या संस्थेनं जगभरच्या कोर्टांत पत्रकार आणि कार्यकर्त्यांवरचे खटले बसून पाहायला, नोंदवायला माणसं पाठवणं सुरू केलं. आणि यझिदी या इराकमधल्या अल्पसंख्य समाजातल्या एका तरुणाला त्यांनी केंटकीच्या घरात ठेवून घेतलं, शिकायला मदत केली.

जुळी मुलं 6 जून 2017 ला लंडनमध्ये झाली. त्यांची नावं सगळीकडे सापडतात, तरी मी इथं लिहीत नाही. मुलं अजाण आहेत. एका फ्रेंच मासिकानं चोरून काढलेले त्यांचे फोटो छापले, तेव्हा जॉर्जनं कोर्टात खेचण्याचा इशारा दिला होता. बाप म्हणून त्याचं बरोबर होतं. आईच्या कामाशी संबंध असलेल्या लोकांत तिचे शत्रूही आहेत हे विसरू नये.

तिचं बाळंतपण आणि काम याबद्दल विचारलंस ना, मग हे ऐक. मार्च 2017 मध्ये ती संयुक्त राष्ट्रांत बोलायला उभी राहिली. पोटात जुळी. विषय होता यझिदी बायकांवर आयसिसनं केलेले अत्याचार आणि जमिनीखाली गाडले गेलेले पुरावे. दुसऱ्या दिवशी बऱ्याच ठिकाणी बातमी आली ती तिच्या पोटाची आणि पिवळ्या ड्रेसची. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये सुरक्षा परिषदेनं ठराव 2379 करून इराकमध्ये आयसिसच्या गुन्ह्यांचे पुरावे गोळा करायला तपासपथक नेमलं. आयसिसच्या तावडीतून सुटलेली तिची यझिदी पक्षकार नादिया मुराद हिला 2018 चं शांततेचं नोबेल मिळालं. आणि नोव्हेंबर 2021 मध्ये फ्रँकफर्टच्या कोर्टानं आयसिसच्या एका माणसाला यझिदींच्या वंशसंहाराबद्दल दोषी धरलं. त्या खटल्यात, पाच वर्षांची मुलगी गमावलेल्या आईच्या बाजूनं जे वकील होते, त्यांत अमल होती. ड्रेसचा रंग ज्यांनी छापला त्यांनी ही बातमी किती मोठी छापली, हे तू स्वतः शोधून बघ.

दोन मुलं सांभाळून होतं का? तिच्याकडे पैसा आहे, मदतीला माणसं आहेत, हे सरळ मान्य करायला हवं. तिच्याशी तुलना करून स्वतःला कमी लेखू नकोस. पण मला विचारशील तर मानवी हक्कांच्या वकिलाचं कुटुंब तेवढ्यावर संपत नाही. वा लोन तुरुंगात होता तेव्हा त्याच्या बायकोला मुलगी झाली. बापानं लेकीला पाहिलं ते कैदी म्हणूनच. एप्रिल 2019 मध्ये दोन्ही पत्रकारांच्या बायकांनी सरकारला माफीसाठी पत्र लिहिलं. त्यात स्पष्ट म्हटलं होतं की नवऱ्यांनी काही गुन्हा केला म्हणून नव्हे, तर त्यांना घरी येता यावं म्हणून हे लिहितो आहोत. 7 मे 2019 ला राष्ट्राध्यक्षांच्या माफीनं दोघे सुटले, पाचशेहून जास्त दिवसांनी. वकिलानं कायद्याची बाजू लढवायची, जगापुढं प्रश्न मांडायचा, आणि त्याच वेळी घरच्यांचा धीर सुटू द्यायचा नाही. या कामाचं घर आणि या कामाचे नातेवाईक असे असतात. तू हे काम करणार असशील तर पक्षकाराची बायको, आई, भाऊ यांच्याशी कसं बोलायचं हे आत्तापासून शीक. कॉलेजात ते शिकवत नाहीत.

प्रश्न : पुढच्या महिन्यात माझं लग्न आहे. सनदेवर माहेरचं नाव आहे. अमल क्लूनीनंही नवऱ्याचं आडनाव घेतलंच ना, मग मी घेतलं नाही तर सासरी वाईट दिसेल का? (कॉलेज रोड)

उत्तर : तिनं घेतलं, तो तिचा निर्णय. आपल्याकडे लग्नानंतर नाव बदललंच पाहिजे असा कायदा नाही. पासपोर्टलाही तशी सक्ती नाही. बदलायचं असेल तर राजपत्रात नाव छापून घे आणि मग बार कौन्सिलकडे अर्ज कर. अर्धवट करू नकोस, म्हणजे सनदेवर एक, वकीलपत्रावर दुसरं आणि बँकेत तिसरं असं होऊ देऊ नकोस. त्याचा त्रास पुढं वर्षानुवर्षं होतो. सासरी कसं दिसेल ते नवऱ्याबरोबर बसून लग्नाआधी ठरवून टाक. महाराष्ट्रात 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि आडनाव असा क्रम आला आहे. तेव्हा तुझं स्वतःचं नाव तुझ्या मुलाच्या दाखल्यावर असणार आहे, आडनाव कोणतंही लाव.

प्रश्न : मी पंचवटीत माध्यमिक शाळेत शिकवते. मुलींना अशा वकिलांची ओळख करून द्यायची आहे, पण सगळी उदाहरणं परदेशातली. नाशिकशी नातं असलेलं कोणी आहे का, आणि त्यांच्या घरच्यांबद्दल सांगता येईल का?

उत्तर : बाई, आहे ना! कॉर्नेलिया सोराबजी. जन्म 15 नोव्हेंबर 1866, आपल्या नाशिकचा.

तुम्ही रोज शरणपूर रोडनं जात असाल. शरणपूर ही चर्च मिशनरी सोसायटीनं वसवलेली वस्ती. अरबी समुद्रात गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलंही तिथं शिकली, आणि त्यांतला जेकब वेनराइट पुढं आफ्रिकेत फिरलेल्या संशोधक डेव्हिड लिव्हिंगस्टनचा मृतदेह घेऊन इंग्लंडपर्यंत गेला. हे मुलींना जरूर सांगा, कारण ज्या रस्त्यावर त्या पाणीपुरी खातात त्या रस्त्याच्या नावात शरण आलेली माणसं आहेत.

कॉर्नेलियाबाईंचे वडील सोराबजी खरशेटजी पारशी घरातून ख्रिस्ती झालेले. आई फ्रान्सिना. आईनं पुण्यात शाळा चालवल्या आणि तिच्याकडे अडल्यानडल्या बायका सल्ला मागायला येत. कॉर्नेलियाबाई हे बघत वाढल्या. बहिणींमध्ये सूझीनं पुण्यात मुलींचं शिक्षण पुढं नेलं, ॲलिस डॉक्टर झाली आणि वायव्य सरहद्दीवर बन्नूला गेली. भाऊही बॅरिस्टर झाला. मुलींना शिकवायचं म्हणजे सगळ्यांना शिकवायचं असं ते घर होतं.

डेक्कन कॉलेजातून मुंबई विद्यापीठाची पदवी घेतलेल्या त्या पहिल्या स्त्री. गुण इतके की विलायतेची शिष्यवृत्ती मिळायला हवी होती, पण बाई म्हणून नाकारली. मग इंग्लंडमधल्या काही लोकांनी वर्गणी काढली, त्यांत फ्लॉरेन्स नाइटिंगेल होत्या. 1889 ला ऑक्सफर्डच्या सॉमरविल कॉलेजात प्रवेश, 1892 मध्ये कायद्याची परीक्षा. पदवी मात्र 1922 ला हातात आली, कारण 1920 पर्यंत ऑक्सफर्ड बायकांना पदवीच देत नव्हतं. आपल्याकडे 1923 च्या कायद्यानं स्त्रियांना वकिलीची दारं उघडली, तेव्हा त्या 56 वर्षांच्या. पण त्याच्या कितीतरी आधी, 1904 पासून, बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्समध्ये, म्हणजे अज्ञान वारस आणि बायकांच्या इस्टेटी सांभाळणाऱ्या सरकारी खात्यात, नेमणूक घेऊन त्यांनी पडद्यात राहणाऱ्या सहाशेच्या वर बायकांची आणि मुलांची प्रकरणं हाताळली. या बायकांना परपुरुषासमोर येता येत नसे, त्यामुळे इस्टेट कोण खातंय हे कोर्टाला सांगायलाच कोणी नसे. त्यांचं राजकारण मला पटत नाही. त्या इंग्रजी राज्याच्या बाजूनं राहिल्या आणि गांधीजींच्या विरोधात लिहिलं. मुलींना तेही सांगा. माणूस पूर्ण सांगावा.

त्यांनी लग्न केलं नाही. ज्यांच्या घरी आईच अशी होती, त्यांना वेगळं सासर शोधायची गरज पडली नसावी, असं मला वाटतं.

आणि दुसरे, ज्यांना आपण वकील म्हणून कमी आठवतो. 2 मार्च 1930 ला काळाराम मंदिराचा सत्याग्रह बाबासाहेबांनी सुरू केला तो आपल्या पंचवटीत, तुमच्या शाळेपासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर. दादासाहेब गायकवाडांनी तो वर्षानुवर्षं चालवला. लंडनच्या ग्रेज इन या वकिलांच्या संस्थेतून बॅरिस्टर होऊन बाबासाहेबांनी 1923 मध्ये मुंबईत वकिली सुरू केली. 1926 साल बघा. त्या वर्षी त्यांनी पुण्यात केशवराव जेधे आणि त्यांच्या सहकाऱ्यांवरचा अब्रुनुकसानीचा गाजलेला खटला लढवून त्यांना सोडवलं. आणि त्याच वर्षी त्यांचा लाडका मुलगा राजरत्न गेला. त्याआधीही मुलं गेली होती. रमाबाईंनी ते सगळं सोसलं. 27 मे 1935 ला त्या गेल्या, आणि 13 ऑक्टोबरला, पाच महिनेही झाले नव्हते, बाबासाहेब आपल्याच जिल्ह्यात, येवल्याला, धर्मांतराची घोषणा करायला उभे राहिले. रमाबाईंनी कुठल्या कोर्टात पाऊल टाकलं नसेल. पण त्या घरातला तांदूळ कसा पुरवला गेला हे सांगितल्याशिवाय त्या वकिलाची गोष्ट पुरी होत नाही, असं मी मानते.

प्रश्न : मी सिन्नर तालुक्यातली. माझी सून नाशिक कोर्टात वकिली करते. पोटगीच्या, घरात मारहाण होणाऱ्या बायकांच्या केसेस घेते, निम्म्या फुकट. आमच्याच भावकीतल्या एका सुनेची केस तिनं घेतली, तेव्हापासून भावकीतलं कोणी हळदीकुंकवालाही येत नाही. मुलाच्या मोबाइलवर निनावी मेसेज आले, बायकोला आवर म्हणून. मुलगा गप्प बसलाय. मी सुनेला ही केस सोड म्हणू का?

उत्तर : ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. तुम्ही सुनेला बोल लावलेला नाही, भावकीलाही नाही. तुम्हाला भीती वाटते आहे आणि ती खरी आहे.

केस सोड म्हणू नका. एकदा हातात घेतलेलं काम वकिलाला सहजी सोडता येत नाही. पुरेसं कारण लागतं, पक्षकाराला वेळेवर कळवावं लागतं. आणि भावकीतल्या त्या सुनेच्या बाजूनं विचार करा. तिला गावात वकील मिळाली ती नात्यातलीच, आणि तीही मागं फिरली तर ती कुठं जाईल? तुमच्या सुनेला केस सोडायचीच असेल तर ती तिचं ठरवेल. तुम्ही फक्त इतकं विचारा, 'तुला भीती वाटते का?' तिला ते कोणी विचारलेलं नसणार.

धमकीचं मात्र आजच बघा. मेसेज पुसू नका. नंबर, तारीख, वेळ दिसेल असे स्क्रीनशॉट काढून दोन ठिकाणी ठेवा. पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. पोच मिळाल्याशिवाय उठू नका. भारतीय न्याय संहितेच्या 351 व्या कलमात नाव लपवून धमकी देणाऱ्याला नेहमीच्या शिक्षेवर आणखी दोन वर्षांपर्यंतची शिक्षा आहे. तक्रार मुलानं द्यावी, कारण मेसेज त्याच्या फोनवर आले आहेत. तो गप्प बसलाय म्हणता, त्याला बोलायला हे एक निमित्त होईल. नवरा तक्रारदार म्हणून उभा राहिला हे गावाला कळलं की निम्मे मेसेज थांबतील.

केसची तारीख असेल त्या दिवशी सून कोणत्या बसनं येणार, कोण आणायला जाणार, हे घरात सगळ्यांना माहीत असू द्या. पक्षकारांचे कागद घरात ठेवू नका, ऑफिसात ठेवायला सांगा.

एक गोष्ट तुम्ही करायची नाही. भावकीतली ती सून काय म्हणाली, किती मारलं, कोणी मारलं, हे सुनेला विचारायचं नाही. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या 132 व्या कलमानं पक्षकारानं सांगितलेलं वकिलाला बाहेर बोलता येत नाही. नवऱ्याला नाही, सासूला नाही. ती सांगत नाही म्हणून तिनं तुम्हाला परकं मानलं असं वाटून घेऊ नका.

फुकट केसेसचं म्हणाल तर तिला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलवर अर्ज करायला सांगा. विधी सेवा कायद्याच्या 12 व्या कलमानं बाईला मोफत वकील मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो, आणि पॅनेलवरच्या वकिलाला प्राधिकरण फी देतं. गरजू बायकांना 15100 हा नंबर द्या. तुम्हीही पाठ करा, गावात उपयोगी पडेल.

माझ्या सासूबाई चौथीपर्यंत शिकलेल्या होत्या. मिस्टर नाशिकरोडच्या प्रेसमध्ये, त्यांच्या पाळ्या असायच्या, त्यामुळे घर बरंचसं सासूबाईंवर होतं. सुरगाणा, पेठ भागातले पक्षकार पहिल्या एसटीनं यायचे आणि कोर्ट उघडायच्या आत आमच्या ओट्यावर बसलेले असायचे, प्लास्टिकच्या पिशवीत सातबारा आणि वनजमिनीच्या दंडाच्या जुन्या पावत्या घेऊन. 2006 च्या वनहक्क कायद्यानंतर त्या पावत्यांना पुरावा म्हणून किंमत आली. त्याच्या आधी लोक त्या नुसत्याच जपून ठेवत. सासूबाई सगळ्यांना चहा करायच्या आणि बाळ असलेल्या बाईला आत बसवायच्या. कोणाची केस काय, हे त्यांनी मला कधी विचारलं नाही. एकदा एक माणूस दारात येऊन त्यांना म्हणाला, सुनेला सांगा, जमिनीच्या भानगडीत पडू नको म्हणावं. त्यांनी त्याला पाण्याचा तांब्या दिला, त्याचं गाव विचारलं आणि म्हणाल्या, 'ती कोर्टात भेटते, तिथं सांग.' संध्याकाळी मी आल्यावर त्यांनी मला त्याचं वर्णन आणि गावाचं नाव नीट सांगितलं, मी ते लिहून ठेवलं. मी जी काही वकिली केली ती त्या ओट्याच्या आधारावर.

हळदीकुंकवाचं म्हणाल, तर या वर्षी तुम्ही बोलवा. भावकीतल्या त्या सुनेलाही बोलवा. पहिल्या वर्षी कमी बायका येतील.

प्रश्न : मी तालुका कोर्टात वकिली करतो. माझे सख्खे मेहुणे दिवाणी न्यायाधीश आहेत आणि त्यांची बदली आमच्याच कोर्टात होण्याची शक्यता आहे. ते अत्यंत सरळ माणूस आहेत, मला झुकतं माप कधीच देणार नाहीत. तरीही अडचण येईल का? (निफाड)

उत्तर : येईल. मेहुणे सरळ आहेत हा मुद्दाच नाही. बार कौन्सिलच्या नियमांत नात्यांची यादी दिली आहे. बाप, आजा, मुलगा, नातू, काका-मामा, भाऊ, पुतण्या-भाचा, चुलत-मावस भाऊ, नवरा, बायको, आई, मुलगी, बहीण, आत्या-मावशी, पुतणी-भाची, सासू, सासरे, जावई, सून, मेहुणा-दीर, नणंद-मेहुणी. यांतलं कोणी न्यायासनावर असेल तर त्यांच्यासमोर उभं राहता येत नाही. समोरच्या पक्षकाराला तुमचे मेहुणे किती सरळ आहेत हे कसं कळणार? त्याला रविवारी तुम्ही दोघं एका ताटात जेवताना दिसणार.

ज्युनिअरच्या नावानं वकीलपत्र टाकून स्वतः मागच्या बाकावर बसायचं, असं काही जण करतात. तुम्ही करू नका. बदलीचा आदेश निघाला की तुमच्या हातातल्या प्रकरणांची यादी करा. जी त्यांच्यासमोर जाणार असतील त्या पक्षकारांना लगेच बोलावून सांगा, कागद नीट लावून परत द्या, उरलेली फी परत करा. चांगला वकील सुचवा, पण नात्यातला सुचवू नका. दुसऱ्या कोर्टात प्रकरण वर्ग करून मागायचं असेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या 24 व्या कलमाखाली जिल्हा न्यायालयात अर्ज करता येतो, पण तो अर्ज पक्षकाराच्या सोयीसाठी असावा, तुमच्या नाही. आणि बहिणीला आधीच फोन करून सांगा की पुढची काही वर्षं जेवणावळीत कोर्टाचा विषय निघणार नाही.